हवेची उधारी

आमच्याकडे रोज सकाळी साडेसातला आई इन्सुलिनची बाटली दोन तळव्यांमध्ये धरून हलकेच वळते. औषध दुधाळ आहे, खाली बसलेला साका वर यायला हवा. पण खळखळून हलवलं की फेस होतो. हे काम ती मला देत नाही. "जन्मभर देवाच्या वाती वळल्यात मी. तू धसमुसळा." माझ्या वाट्याला सिरिंज भरणं.

भरणं म्हणजे दट्ट्या ओढणं, एवढीच माझी समजूत होती. पहिल्या दिवशी ओढला, बोट सोडलं, तर पठ्ठ्या आपला पुन्हा आत! नर्सबाई हसल्या. "काका, आधी हवा द्या, मग औषध मागा." 14 युनिट हवं असेल तर 14 युनिट हवा आधी बाटलीत ढकलायची. मला तेलाचा डबा आठवला. एकच भोक पाडलं तर तेल गचके देत अंगावर उडतं, म्हणून आई समोरासमोर दोन पाडायची. या बाटलीच्या रबरी बुचाला दुसरं भोक कुठून आणणार? देणं-घेणं एकाच सुईतून.

आणि सुई तरी केवढी! नळीची त्रिज्या निम्मी केली तर त्याच जोराने ओढलेला द्रव सोळापट कमी येतो, हे फ्रान्सच्या प्वाझयने एकोणिसाव्या शतकात दाखवून ठेवलंय. टोचून घेणाऱ्याला सुई केसासारखी हवी, भरणाऱ्याला बोरूएवढी. घाई केली की बुडबुडा आलाच. मग सिरिंज उभी धरून टिचक्या.

"हवा गेली तर माणूस मरतो म्हणे," आई दंड पुढे करत शांतपणे म्हणते. कातडीखालच्या सुईत तसलं भय नसतं. खरी चोरी मापात होते. आमच्या इन्सुलिनच्या एका मिलिलिटरमध्ये 40 युनिट. थेंबाएवढा बुडबुडा राहिला तर दोन युनिट गायब. एकदा मी लाल टोपीऐवजी नारिंगी टोपीची, म्हणजे 100 युनिटवाली, सिरिंज घेऊन आलो. तिच्यावरच्या 14 च्या रेघेपर्यंत भरलं असतं तर अंगात जेमतेम साडेपाच युनिट गेले असते. टोपीचा रंग आईनेच ओळखला. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नको ते सगळं दिसतं.

लहानपणी डॉक्टरांकडे स्टीलच्या डबीत उकळणारी काचेची सिरिंज पाहिली की मी टेबलाखाली जायचो. प्लास्टिकची, वापरून फेकायची सिरिंज न्यूझीलंडच्या कॉलिन मर्डॉकने काढली, पेटंट 1956चं. हा फार्मासिस्ट जनावरांनाही सुया टोचायचा, त्यामुळे लाथ चुकवत भरणं म्हणजे काय ते त्याला ठाऊक असणार. आता नळीला आतून सिलिकॉनचा पुसट हात दिलेला असतो, म्हणून दट्ट्या अडखळत नाही. अडखळतो तो मी.

परवा मुलगी म्हणाली, "बाबा, आजीला पेन आणू या. भरायची कटकटच नाही." बुडबुडा तिथेही सुटत नाही, दर वेळी आधी दोन युनिट हवेत उडवून बघावे लागतात. आईने मात्र एकच प्रश्न विचारला. तिचं हे दुधाळ औषध पेनातही वळूनच घ्यावं लागतं, असं कळल्यावर तिची हरकत संपली.

आता हरकत माझी आहे.