रंकाळ्याला जायचंय? आधी मीटिंग!

अहो, कानावर आलं का? शिवाजी पेठेतली माणसं रंकाळ्याला जायचं ‘प्लॅनिंग’ करायला लागलीत! महाबळेश्वरचं नव्हे, रंकाळ्याचं. जेवून हात वाळायच्या आत जिथं पोचता येतं, तिथं जायला आता व्हॉट्सॲप ग्रुप लागतो.

घराण्याचं नाव सांगणार नाही, मला त्याच गल्लीत राहायचंय. ग्रुपचं नाव मात्र सांगतो: ‘रंकाळा फायनल’. आणि या फायनलमध्ये इतक्या दिवसांत ठरलं काय? तर कपड्यांचा रंग. पिस्ता. मोठ्या काकींनी पिस्ता समजून पोपटी साडी काढली, फोटो टाकला. त्याखाली धाकट्या सुनेनं नुसता एक अंगठा ठेवला. तो अंगठा कौतुकाचा की टोमण्याचा, यावरून दोन घरांत बोलणं बंद आहे. ‘मी येतो की, पण पिस्ता नाही घालत,’ ही थोरल्या आत्याची धमकी वेगळीच.

पण खरा अनर्थ भेळेचा. ती म्हणे घरून न्यायची! चुरमुरे एका डब्यात, चिंचेचं पाणी बाटलीत, कांदा तिथं जाऊन चिरायचा. म्हणजे चौपाटीवर गाडेवाला समोर कोथिंबीर भुरभुरत उभा, आणि त्याच्या नाकासमोर तुम्ही सतरंजीवर बसून घरचा कांदा चिरणार? कोल्हापुरात तोंड दाखवायला जागा राहील का?

वेळापत्रकही आहे बरं. पाच वाजता मागे शालिनी पॅलेस धरून फोटो, मग संध्यामठाचं रील, मग सूर्यास्त. सूर्याला बारा मिनिटं दिलीत. पाणी चढलं की संध्यामठ बुडतो, हे पुतण्याला कुणीतरी सांगितलं. त्यानं लगेच पोल टाकला, ‘मठ दिसला नाही तर काय करायचं?’ चार पर्याय. आबा रोज पहाटे अख्ख्या रंकाळ्याला फेरी मारून येतात, ‘येणार का?’ या पोलवर त्यांनी ‘बघू’ला मत दिलंय.

काठावरच्या देवळातला नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो, अशी आपल्याकडे जुनी दंतकथा. तो पाण्याला पोचला की प्रलय. या ग्रुपचा वेग बघता नंदी आधी पोचेल अशी मला दाट शंका आहे. अहो, तो समोरचा शालिनी पॅलेससुद्धा 1931 ते 1934 एवढ्यात बांधून उठला!

आता ताजी बातमी. रविवारच्या आधी ‘जागा बघून यायला’ म्हणून चौघं गुपचूप गुरुवारी गेली. कसली जागा बघायची, रंकाळा काय हललाय? गेली, गाड्यावरची भेळ खाल्ली, वर आइस्क्रीम हाणलं, गंगावेशीत कट्ट्यावर धारोष्ण दूधही पिऊन आली. फोटो चुकून ग्रुपवर पडला. चौघांतलं कुणीही पिस्ता रंगात नव्हतं.

झालं! ग्रुप फुटला. मोठ्या काकींनी ‘रंकाळा फायनल 2’ काढलाय आणि त्यांचा गट म्हणे थेट पन्हाळ्याला जाणार. वीसेक किलोमीटर! रंगांच्या नमुन्यांचं कापड काल दुकानातून घरी आलंय, मी स्वतः पिशवी बघितली. जांभळा दिसत होता.