सेटिंगवाले अण्णा

भवानीनगरला छत्रपती कारखान्याची चिमणी जिथवर दिसते, तिथवर प्रत्येक आळीत एक अण्णा असतोच. उभी हयात मिलवर फिटर म्हणून गेलेली. हंगामात रोलर फिरताना ऐकायचा, हंगाम संपला की तोच खोलून बघायचा. निवृत्तीनंतर रोलर सुटतो, हात सुटत नाहीत. मग ते सहलीच्या गाडीत शिरतात.

गाडी म्हणजे १७ सीटर. बजाज टेम्पोची २००५ मध्ये फोर्स मोटर्स झाली, तरी बारामती-इंदापूर रस्त्यावर लोक अजून टेम्पो ट्रॅव्हलरच ठरवतात. तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. इतर मंडळी ‘पुंडलिक वरदे’ म्हणतात तेव्हा अण्णांचं डोकं सीटखाली असतं.

खिडकीकडच्या सीटचा खटका पत्रा आणि सीटमधल्या फटीत. फट दोन बोटांची, ओढायला लागतात चार. बांगड्यांचा हात आत जातो आणि एखादी बांगडी तिथंच ठेवून बाहेर येतो.

“वायर ढिली झालीया,” अण्णा लांबूनच सांगतात. निदान बरोबर असतं, हीच तर पंचाईत. खटक्यापासून सायकलच्या ब्रेकसारखी एक वायर पाठीमागच्या गॅसच्या नळकांड्याला जाते. खटका ओढला की नळकांड्याच्या टोकाची पिन दबते, गॅसला वाट मिळते, पाठ मागं जाते. सोडला की पाठ आहे तिथं घट्ट. वायर ढिली असली तर पिन पुरती दबत नाही. तिथला नट दोन आटे फिरवला की झालं. पण दोन आट्यांवर थांबणारा फिटर भवानीनगरात अजून जन्मायचाय. अण्णा चार फिरवतात. पिन कायमची दबते. मग टेकलं की पाठ मागच्या आत्याबाईंच्या गुडघ्यांवर आणि पुढं झुकलं की आपल्या मानगुटीवर. आत्याबाई किंचाळल्या की अण्णा समाधानानं म्हणतात, “फ्री झालं बघा. मगाशी जाम होतं.”

त्यांचं माप सुतात. इंचाला आठ सूत, आणि जगातला प्रत्येक बिघाड दीड सुताचा. पिशवीत १०-११ चा पाना, पक्कड, हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा, चार वायसर, इन्सुलेशन टेप. बायकोच्या गोळ्या एकदा घरी राहिल्या होत्या, वायसर कधीच नाहीत.

२०२१ मध्ये राज्य सरकारनं कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि घरातलं सगळं फर्निचर चाकांवर येणार म्हटल्यावर अण्णांना दुसरी नोकरी लागल्यासारखं झालं. आळीतल्या एकाच्या भाच्यानं पुण्याहून तशी गाडी आणली. सोफ्याचा बेड करायचा खटका सोफ्याच्या मागं. तिथं हात जायला टेबल मिटवावं लागे, आणि टेबल मिटायचं ते बेड उघडल्यावरच.

“बसवणारा एक रात्र हितं झोपला असता, तर खटका पुढं आला असता,” अण्णा म्हणाले. फर्निचरवाल्यांच्या अख्ख्या जमातीबद्दल याहून खरं मी काही ऐकलेलं नाही.

दुपारभर ड्रिल चालू होतं. प्लायवूडला भोक पडलं, सळई पुढं आली, तिच्या टोकाला ट्रॅक्टरच्या गिअरची जुनी मूठ बसली. खटका आता हाताशी होता, नडगीच्याही. चालवायची रीत सोपी: आधी जरा उचलायचा, मग डावीकडं दाबायचा, मग सोफ्याला गुडघ्याचा ठोसा द्यायचा, “पण जोरात नाय.” भाच्यानं तीनदा केलं, बेड हलला नाही. अण्णांनी नुसता हात लावला आणि तो अंगावर आल्यासारखा उघडला.

पैशाचं विचारलं तर अण्णांनी कानाला हात लावले. “पैसं कसलं? फकस्त पयली खेप बघावी लागंल. हादऱ्यानं सेटिंग हलतंय.”

अक्कलकोटपर्यंत त्यांनी ते सेटिंग बेडवर आडवं पडून तपासलं. भाचा स्टुलावर बसून गेला.