परागंदा वतनदार

ॲरिझोनातील फीनिक्स शहराच्या आसपास उन्हाने भाजून निघालेली जी टुमदार उपनगरे पसरली आहेत, त्यांत सेवानिवृत्त अमेरिकनांची एक विशिष्ट जात विपुल आढळते. तिच्यातील कोणताही गृहस्थ तेथे कितीही वर्षे राहत असला, घरपट्टी मुदतीत भरत असला आणि अंगणातल्या निवडुंगाविषयी साभिमान बोलत असला, तरी आपण कुठले असे त्यास विचारताच तो क्षणाचाही विलंब न लावता आणि किंचित दुखावल्या स्वरात ‘शिकागोचा’ असे उत्तर देतो. या जातीचा एक अस्सल नमुना माझ्या भिंतीला भिंत लावून राहत असल्यामुळे तिच्या स्वभावधर्माचा अभ्यास मला घरबसल्या, आणि बहुतांशी माझ्या इच्छेविरुद्ध, घडला आहे.

वस्तुतः शिकागोहून या गृहस्थांना कोणी हद्दपार केलेले नाही. तेथील जानेवारीतले हिम, ते फावड्याने उपसून रस्त्यावर मोकळी केलेली मोटारीची जागा दुसऱ्याने बळकावू नये म्हणून तीत मोडकी खुर्ची मांडून हक्क शाबीत करण्याची त्या शहराची वहिवाट, आणि अशा खुर्चीवरून शेजाऱ्यापाजाऱ्यांत होणारे तंटे, या सर्वांस विटून त्यांनी राजीखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणास बळी न पडता, स्थलांतर केले. परंतु आता त्यांची मुद्रा पहाल, तर मुलूख परचक्रात गेल्यामुळे परागंदा झालेला एखादा वतनदारच आपल्यासमोर बसला आहे, असे वाटावे. त्यांचे वतन दुहेरी आहे: शिकागोतली खाद्यगृहे आणि कब्ज हा बेसबॉलचा संघ. पैकी पहिले त्यांच्या जिभेवर असते व दुसरे छातीवर, म्हणजे सदऱ्यावर, आणि दोहोंच्या उत्पन्नाचा हिशेब ते दिवसातून एकदा तरी मला देतात.

खाद्यगृहांच्या बाबतीत त्यांचे धर्मशास्त्र अत्यंत कडक आहे. खसखस लावलेल्या पावात उकडलेले सॉसेज ठेवावे. त्यावर पिवळी मोहरी, भडक हिरव्या रंगाचे काकडीचे गोड लोणचे, बारीक चिरलेला कांदा, टोमॅटोच्या फोडी, आंबट काकडीची एक उभी चीर आणि मुरवलेल्या बुटक्या मिरच्या यांची स्थापना करावी. आणि सर्वांवर सेलरीचे मीठ भुरभुरावे, म्हणजे शिकागोचा हॉट डॉग सिद्ध होतो. या विधीत केचपला स्थान नाही. अजाण बालकांपुरती सवलत आहे, पण मिसरूड फुटलेल्या माणसाने केचपची मागणी केल्यास त्याच्या कुळाविषयी शंका घेण्यास त्यांच्या मते पुरेसे कारण आहे. इटालियन बीफ नामक सँडविचचेही असेच. मांसाचे कागदासारखे पातळ काप, वरून तिखट भाज्यांचे लोणचे, आणि मग अख्खा पाव चिमट्यात धरून रश्श्यात बुडवायचा. खाणाऱ्याने पाय मागे घेऊन आणि कोपरे फळीवर टेकून असे वाकायचे की ओघळ सदऱ्यावर न येता कागदावर पडावेत. ही मुद्रा त्यांनी माझ्या दिवाणखान्यात, हाती काहीही नसताना, अनेकदा करून दाखविली आहे. परिणामी ज्या पदार्थाला मी जन्मात स्पर्श केलेला नाही, त्याची पाककृती मला साबुदाण्याच्या खिचडीहून अधिक मुखोद्गत झाली आहे.

जगाला ठाऊक असलेला तो जाड, थाळीसारख्या खोल भांड्यात भाजलेला पिझ्झा, ज्याचा उगम 1943 साली ओहायो स्ट्रीटवरच्या ‘पिझेरिया ऊनो’त झाला असे मानतात, तो मात्र त्यांनी खालच्या पंक्तीला बसविला आहे. तो पाहुण्यांसाठी, घरचा माणूस पातळ, कुरकुरीत आणि चौकोनी तुकडे पाडलेला पिझ्झा खातो, असे ते आवाज खाली आणून सांगतात, जणू हे गुपित फुटल्यास शहराच्या तटबंदीस धोका आहे.

संघाचे वतन याहून जुने आणि याहून नुकसानीचे. वर्षास प्रत्येक संघाचे 162 सामने होतात, आणि कब्ज त्यांतले बरेचसे इतक्या निष्ठेने हरत आले, की पराभव ही त्या घराण्याची कुलपरंपराच ठरली. 1945 साली एका गुत्तेदाराला त्याच्या बोकडासह वर्ल्ड सीरिजच्या सामन्यातून बाहेर काढले आणि त्याने शाप दिला, ही कथा ते पुराणिकाच्या गांभीर्याने सांगतात. 1969 साली कब्ज मोसमाचा बहुतेक काळ अग्रभागी असता न्यूयॉर्कच्या मैदानात एक काळे मांजर त्यांच्या खेळाडूंसमोरून गेले आणि शेवटी न्यूयॉर्कचा मेट्स संघ पुढे निघून गेला. त्या मांजराचे वर्णन हे इतके तपशीलवार करतात, की फौजदाराने पंचनाम्यासाठी त्यांनाच साक्षीस बोलवावे. एर्नी बँक्सने याच संघासाठी 512 होमरन मारूनही त्याला वर्ल्ड सीरिजचा एकही सामना खेळावयास मिळाला नाही, हे सांगताना मात्र त्यांचा आवाज खरोखरच जड होतो आणि मीही गप्प राहतो.

रिग्ली फील्ड हे त्यांचे तीर्थक्षेत्र. 1914 साली बांधलेल्या त्या मैदानाच्या विटांच्या भिंतीवर 1937 पासून वेल चढलेली आहे, आणि चेंडू तीत अडकला तर धावणाऱ्यास दोन तळांहून अधिक मिळू नयेत असा नियम आहे. धावफलक आजही माणसे हातांनी बदलतात. 1988 पर्यंत तेथे दिवेच नव्हते. सामने भर दुपारी होत, आणि ते पाहण्यासाठी कचेरीत आजीचे निधन कळविण्याचा प्रघात होता. आमच्या गृहस्थांच्या रजेच्या अर्जांवर विश्वास ठेवावयाचा, तर त्यांना आज्या फार होत्या.

अशा रीतीने सगळे दुःखात सुरळीत चालले होते. 2005 साली शहराच्या दक्षिण अंगाचा प्रतिस्पर्धी व्हाइट सॉक्स संघ विश्वविजेता झाला. पुढच्याच वर्षी, 1898 पासून चालत आलेले ‘बर्गॉफ’ हे जर्मन उपाहारगृह मालकांनी बंद केले, आणि त्याच 2006 सालात मार्शल फील्ड या दुकानाच्या दर्शनी पाटीवर मेसीचे नाव चढले. पुढे बर्गॉफ निराळ्या व्यवस्थेखाली पुन्हा उघडले, हे मी एकदा निदर्शनास आणून दिले असता त्यांनी ती हकीकत फेरतपासाविना नामंजूर केली. इतकी समृद्ध हानी पदरी असलेला माणूस म्हातारपणी निर्धास्त असावयाचा, आणि ते तसे होते.

पण दैवाला ते पाहवले नाही. शिकागोतल्या खाद्यगृहांनी फीनिक्सच्या परिसरात एकामागून एक शाखा उघडण्यास प्रारंभ केला. तोच पाव, तेच लोणचे, तीच लाल-पांढऱ्या चौकड्यांची मेजपोशे. ज्या वस्तूच्या विरहावर इतकी वर्षे गुजराण केली, ती मोटारीने दहा मिनिटांच्या अंतरावर येऊन बसली! पहिल्याच दिवशी ते मला तेथे घेऊन गेले, घास तोंडात ठेवून त्यांनी डोळे मिटले, आणि मी आनंदोद्गाराची प्रतीक्षा करीत असता म्हणाले, ‘‘पाणी वेगळं आहे. मिशिगन सरोवराच्या पाण्याशिवाय पाव असा होतच नाही.’’ त्यांच्या चेहऱ्यावर जी प्रसन्नता उमटली, ती चवीने आलेली नव्हती.

त्यानंतर 2016 आले. क्लीव्हलँड येथे सातव्या आणि निर्णायक सामन्यात बरोबरी झाली, पाऊस पडून खेळ थांबला, आणि दहाव्या डावात कब्जने 8-7 असा विजय मिळवून 1908 नंतरचे पहिले अजिंक्यपद घेतले. त्या रात्री हे गृहस्थ रडले, हसले, मला कवटाळले. रिग्ली फील्डच्या विटांवर लोकांनी दिवंगत वडिलांची, आजोबांची नावे खडूने लिहिली. यांच्याही वडिलांचे नाव शिकागोत राहणाऱ्या मुलाने तेथे लिहून त्याचे छायाचित्र पाठविले, ते त्यांनी चौकटीत बसविले. आणि मग आठवड्याभरात ते विलक्षण उदास दिसू लागले. सदरा तोच, टोपी तीच, पण सांगावयास काही उरले नाही. शापाची कथा आरंभली, की श्रोताच तिचा शेवट सांगून टाकी. अशीच अवस्था मी आमच्या मंडळातील एका दादरकरांची पाहिली आहे, मुंबईचा वडापाव भारतीय दुकानात गोठवलेल्या स्थितीत मिळू लागला तेव्हा.

या गृहस्थांच्या पत्नी सेंट लुईसच्या. तेथील कार्डिनल्स संघाने 11 वेळा वर्ल्ड सीरिज जिंकलेली असून तो कब्जचा पिढीजात वैरी आहे. बाईंना आपल्या गावचे एकही खाद्यगृह आठवत नाही, जुन्या सामन्यांचे त्या नाव काढीत नाहीत, आणि त्यांची प्रकृती उत्तम आहे.

कब्जचा वसंतातील सराव आमच्या शेजारच्या मेसा गावी होतो. गेल्या मार्चमध्ये आम्ही तिघे तो पाहावयास गेलो होतो. सुखद ऊन होते. गृहस्थ हॉट डॉग खात, येथे सरोवराचा वारा नाही अशी तक्रार करीत होते, आणि मी शेंगा सोलत होतो. बोलता बोलता, दोन अजिंक्यपदांमध्ये गेलेली 108 वर्षे म्हणजे आमच्या जपमाळेचे एक पुरते आवर्तन होय, असे मी म्हणालो. ते दचकले, आणखी 108 मिळविता 2124 येते हे त्यांनी कार्यक्रमपत्रिकेच्या कडेला मांडून पाहिले आणि अत्यंत गंभीरपणे विचारले, ‘‘तुमच्याकडे माणूस पुन्हा जन्मतो म्हणतात. तर गावाची निवड करता येते का? शिकागो मिळाल्यास माझी हरकत नाही. फक्त एप्रिल ते ऑक्टोबर एवढ्याच मुदतीसाठी.’’

दरखास्त वरिष्ठांकडे पाठवावी लागेल, असे मी म्हणणार होतो. पण बाई खेळावरची नजर न काढता म्हणाल्या, ‘‘आणि सेंट लुईस मिळालं तर?’’

गृहस्थांनी उरलेल्या हॉट डॉगकडे पाहिले, मग माझ्याकडे. ‘‘तसं असेल,’’ ते म्हणाले, ‘‘तर माझं नाव यादीतून कमी करा.’’