तंत्रस्नेही गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेला मुख्याध्यापक असतात, पण शाळा चालते तंत्रस्नेही गुरुजींच्या मोबाईलच्या चार्जिंगवर. हा माणूस लांबून ओळखू येतो. खिशाला दोन पेनं, त्यांतलं एक कधीच लिहीत नाही, कारण तो पेन ड्राइव्ह असतो. पिशवीत डब्याला खेटून ओटीजी केबल, पॉवर बँक, सेलोटेप आणि कुठल्याही सॉकेटात कुठलीही पिन घुसवणारा तो पांढरा ठोकळा. गॅलरी उघडलीत तर मुलांची आधार कार्डं, खिचडीची ताटं आणि शाळेच्या शौचालयाचे आतून-बाहेरून काढलेले फोटो. स्वतःच्या मुलाच्या बारशाचा फोटो पाहुण्यांना दाखवायचा तर गुरुजींना आधी तीन हॅन्डवॉश स्टेशनं ओलांडावी लागतात.

ही पदवी कुठल्या विद्यापीठानं दिलेली नाही. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रम आला, गावोगावी लोकवर्गणीतून डिजिटल वर्ग उभे राहू लागले आणि ज्याला प्रोजेक्टर सुरू करता आला तो तंत्रस्नेही ठरला. त्याच्या आधीच्या पिढीनं वेतनवाढ अडकू नये म्हणून एमएस-सीआयटी उरकली होती आणि प्रमाणपत्र सेवापुस्तकात लागल्यावर माऊसला पुन्हा हात लावला नव्हता. ही सगळी ज्येष्ठ मंडळी आता गुरुजींच्या आश्रयाला आहेत. केंद्रातल्या निम्म्या शिक्षकांचे पासवर्ड त्यांना तोंडपाठ आहेत. त्यात पाठ करण्यासारखं काही नसतं म्हणा; नाव, मग ॲट, मग एक-दोन-तीन.

कार्यालयाकडून आलेलं पत्र उघडलं की कधी कधी पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा सडा पडतो. मुख्याध्यापक म्हणतात व्हायरस. मॅडम म्हणतात, तरी सांगत होते, तो पेन ड्राइव्ह लावू नका. गुरुजी डब्यातला घास संपवतात आणि सांगतात, “कृतिदेव फॉन्ट नाहीये.” मग युनिकोडवर दहा मिनिटांचं प्रवचन होतं. ते कुणी ऐकत नाही, पण पत्र वाचता येतं. पत्रात लिहिलेलं असतं की माहिती कालपर्यंत पाठवायची होती.

वर्गातला मोठा एलईडी टीव्ही हा वेगळाच विषय आहे. त्याचं उद्घाटन सरपंचांनी नारळ फोडून केलं. चोरीच्या भीतीनं तो लोखंडी कपाटात गेला, मग बिल थकलं म्हणून वीज गेली, आणि वीज आली तेव्हा कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या गुरुजींची बदली झालेली होती. माझं मत विचाराल तर टीव्ही कपाटात गेल्यावरच आमच्या गुरुजींचं खरं शिकवणं सुरू झालं.

पुठ्ठ्याच्या कार्डांचंच घ्या. ‘प्लिकर्स’ नावाचं एक ॲप आहे. प्रत्येक मुलाला एक कार्ड, प्रत्येक कार्डावर वेगळी काळी नक्षी. नक्षीच्या चार बाजू म्हणजे चार पर्याय. आपलं उत्तर असलेली बाजू वर करून कार्ड धरायचं. गुरुजींनी मोबाईलचा कॅमेरा वर्गावरून फिरवला की कुणाचं बरोबर, कुणाचं चूक ते तिथल्या तिथे दिसतं. मुलांकडे मोबाईल लागत नाही. शेजाऱ्याचं बघून उपयोग नाही, कारण त्याची नक्षीच वेगळी. गुरुजींनी पहिल्यांदा कार्डं हौसेनं लॅमिनेट करून आणली. खिडकीतलं ऊन त्यांवर चमकलं आणि कॅमेऱ्याला अर्धा वर्ग दिसेना. तेव्हापासून कार्डं जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर चिकटवली जातात. पुढून अपूर्णांकाचं उत्तर, मागून ‘आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं’. रेंज फक्त पश्चिमेच्या खिडकीत येते, म्हणून या तासाला अख्खा वर्ग फळ्याकडे पाठ करून बसतो. तपासणीला आलेल्या साहेबांनी कारण विचारलं. गुरुजींनी सांगितलं, “ज्ञानरचनावाद.” साहेबांनी शेरेबुकात तसं लिहिलं.

दुसरं हत्यार म्हणजे बोलून टाइप करणं. कीबोर्डवरचं माईकचं चिन्ह दाबायचं, भाषा मराठी ठेवायची आणि पोरानं पुस्तकातला उतारा मोबाईलला वाचून दाखवायचा. स्पष्ट वाचलं तर शब्द नीट उमटतात. गडबडीनं वाचलं तर मोबाईल भलतंच लिहितो आणि वर्ग लोळून हसतो. पण खरी गंमत पोरं आपल्या बोलीत बोलू लागली की सुरू होते. ‘आलतं’, ‘गेलतं’ म्हटलं की मोबाईल गोंधळतो. मग त्यानं लिहिलेलं फळ्यावर उतरवायचं आणि मुलांनी लाल खडूनं त्याच्या चुका काढायच्या. आयुष्यभर स्वतःच्या वहीत लाल रेघा बघणाऱ्या पोरांना दुसऱ्या कुणाचं तरी शुद्धलेखन तपासायला मिळतं. त्या तासाला कुणी पाणी प्यायला जाऊ का विचारत नाही.

गूगल अर्थवर गाव दाखवलं तेव्हा भूगोलाचा तास भांडणात गेला. चित्र जुनं होतं. तोडलेला लिंब त्यात उभा होता आणि नवी टाकी नव्हती. चौथीतल्या एकानं उपग्रह खोटं बोलतो असा निकाल दिला. शेवटी पोरांनीच वहीत गावाचा ताजा नकाशा काढला. तो सगळ्यांना दाखवायला दोन स्टुलांवर आडवी फळी, फळीच्या भोकावर उताणा मोबाईल आणि खाली नकाशाची वही, असा गुरुजींचा घरगुती कॅमेरा आहे. वीज आणि किल्ली एकाच दिवशी हजर असली तर तो केबलनं टीव्हीला जोडला जातो.

क्यूआर कोडची साथ मात्र त्यांनाही लागली. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना २०२० साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यांनी त्यातली अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटली. पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणण्यातलं त्यांचं काम सगळ्यांना ठाऊक झालं. आमच्या गुरुजींनी उत्साहाच्या भरात झाडांना, टाकीला, घंटेला कोड लावले. आंब्याचा कोड शेळीनं खाल्ला. चिंचेचा कोड स्कॅन केला की कडुनिंबाची माहिती येते, ती अजून तशीच येते.

एवढं सगळं हा माणूस करतो ते उरलेल्या वेळात. मोबाईलचा मुख्य धंदा माहिती पुरवण्याचा. यू-डायस, शालार्थ, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि त्यांवर ग्रुपवर पडणाऱ्या लिंका. प्रत्येक लिंक अत्यंत तातडीची. ‘तातडीची’ एवढंच लिहिलेलं असेल तर गुरुजी ती निवांत उघडतात.

परवा गणिताचा प्रश्न विचारून झाला होता, कार्डं हवेत होती, कॅमेरा तिसऱ्या रांगेपर्यंत पोचला होता आणि लिंक आली. वर्गात तंत्रज्ञानाचा वापर किती होतो त्याची माहिती, सोबत फोटो, अर्ध्या तासात. वर्गातलं एकमेव तंत्रज्ञान गुरुजींच्या हातात होतं, ते या कामाला लागलं. मुलांना त्यांनी कार्डं खाली ठेवून पाढे लिहायला सांगितले. फोटो चढवला, तर आकार जास्त. लहान केला, तर अस्पष्ट. तिसऱ्यांदा चढला तेव्हा पलीकडच्या वाडीच्या शाळेतून ज्येष्ठ मॅडमचा फोन आला.

“भाऊ, आमच्याकडे त्यातलं काही नाही बघा. पण आमचंही भरून टाका. ‘दररोज’ लिहा.”

“लिहितो ताई,” गुरुजी म्हणाले. “ओटीपी सांगा.”