अलिबागहून भुयारात

अलिबाग तालुक्यात प्रवासी गाडी थांबेल असं एकही रेल्वे स्टेशन नाही. गाडी पकडायची तर पेण गाठावं लागतं. थळच्या खत कारखान्यापर्यंत मालगाडी जाते, म्हणजे युरियाची सोय झाली. माणसांनी लाँचने जावं. अशा मुलखातल्या माणसाने जमिनीवरची रेल्वे टाळून एकदम जमिनीखालच्या गाडीत बसायचं म्हणजे पहिलीतून थेट मॅट्रिकला बसणं.

थळचे एक मामा ऑक्टोबर 2025 मध्ये हे धाडस करून आले. मुंबईची मेट्रो 3 नुकतीच कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली होती. मामा मांडव्याहून गेटवेला उतरले. काखेत पांढऱ्या कांद्याची माळ, माळ्यावर टांगून पावसाळाभर जपलेली. या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून त्याची कागदपत्रं मामांच्या सातबाऱ्यापेक्षा स्वच्छ आहेत. दुसऱ्या हातात सुके बोंबील.

"मामा, टॅक्सी नको. हुतात्मा चौकात बसलो की थेट मरोळ नाका," घ्यायला आलेले जावई म्हणाले.

तपासणीच्या यंत्रातून पिशवी सुखरूप बाहेर आली. यंत्राला नाक नसतं. मागच्या रांगेला होतं. तिथे आपोआप अंतर पडलं.

सरकत्या जिन्यांवरून खाली, मग आणखी खाली. फलाटावर पोचल्यावर मामांनी किनाऱ्यावरच्या माणसाचा पहिला प्रश्न विचारला, "समुद्र कुठल्या अंगाला?" अलिबागला समुद्र पश्चिमेला. गेटवेला तो पूर्वेला आला, तेव्हाच मामांचा अर्धा तोल गेला होता. इथे तर तो गायबच. जावयांनी नकाशा बघायला फोन काढला, तर रेंज नाही. त्या दिवसांत दक्षिण मुंबईच्या भुयारात फोन असाच मुका व्हायचा.

बाजूचा एक पोरगा हसून म्हणाला, "काका, अलिबागहून आलात का?"

"हो, थळहून. लाँचचं तिकीट दाखवू?"

पोरगा गप्प. 'अलिबागहून आलास का' म्हणजे 'बावळट आहेस का'. या चिडवण्यावर बंदी घाला म्हणून एका अलिबागकराने उच्च न्यायालयात याचिका केली होती. 2019 मध्ये ती फेटाळली गेली. मामांचा उपाय स्वस्त पडतो.

मेट्रो 3 म्हणजे साडेतेहतीस किलोमीटर, 27 स्टेशनं, त्यातली 26 जमिनीखाली. फक्त आरेला गाडी उजेड बघते. या टोकापासून त्या टोकापर्यंत 70 रुपये. काळबादेवी, गिरगाव, ग्रँट रोड ही नावं मामांना पाठ होती, पण खिडकीबाहेर नुसता काळोख. गिरगाव आलं हे पाटीवरून मानायचं. मुंबई सेंट्रलच्या स्टेशनाला जगन्नाथ ऊर्फ नाना शंकरशेट यांचं नाव आहे. 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे गाडी सोडणाऱ्या कंपनीच्या संचालकांत नाना होते, त्यामुळे हे नाव शोभतं.

पुढे आचार्य अत्रे चौक. या स्टेशनाचं उद्घाटन 9 मे 2025 ला झालं आणि 26 मे रोजी ते पहिल्याच जोरदार पावसात पाण्याखाली गेलं. वरळी ते अत्रे चौक गाडी बंद ठेवावी लागली. भुयार खणणाऱ्या यंत्रांना वैतरणा, गोदावरी, कृष्णा, तानसा अशी नद्यांची नावं दिली होती, तेव्हा पाणी आमंत्रणावरूनच आलं म्हणायचं. अत्रे असते तर आपल्या 'मराठा' दैनिकात अग्रलेख लिहून त्यांनी उरलेलं पाणीही आटवलं असतं.

धारावी सोडली की गाडी मिठी नदीखालून जाते. जावयांनी हे सांगताच मामांनी कांद्याची माळ मांडीवर घट्ट धरली. "लाँचमध्ये पाणी खाली असतं, इथे डोक्यावर," एवढंच बोलले. वांद्रे-कुर्ला संकुलात निम्मा डबा उतरला. बोंबलांचा त्यात किती वाटा, ते सांगता येत नाही. मरोळ नाक्याला वर येऊन उन्हात उभं राहिल्यावर मामांनी निकाल दिला, "गाडी चांगली आहे. गार आहे. पण बघायला काही नाही."

निकाल बरोबर आहे, तरी अलिबागकरांनी ही गाडी सोडू नये. गेटवेहून हुतात्मा चौक चालत पंधरा-वीस मिनिटांवर आहे. पावसाळ्यात मात्र गेटवेची लाँच बंद असते. तेव्हा मांडव्याची रो-रो घ्यावी. ती भाऊच्या धक्क्याला लागते, आणि धक्क्याला भुयारी स्टेशन नाही. तिथून सीएसएमटीपर्यंत टॅक्सी करावी.