दारातला टिकटिक्या

महाराजपूरच्या नव्या प्रार्थनाभवनाच्या दारात आता एक तरुण उभा असतो. हातात गीतपुस्तक नाही, पवित्र शास्त्र नाही, मुठीत मावणारं एक यंत्र आहे. माणूस आत शिरला की टिक. उपासना संपायच्या आत आकडा पडद्यावर झळकतो आणि टाळ्या पडतात. उपदेशाला पडत नाहीत, म्हणजे मंडळी अजून प्रामाणिक आहे.

यंत्र निःपक्षपाती आहे. कडेवरचं पोर, टिक. पोराची बाटली गाडीत राहिली म्हणून जाऊन आलेली आई, पुन्हा टिक. मंडळीच्या एका मधुमेही वडिलांना दोन तासांत तीनदा बाहेर जावं लागतं, म्हणजे एकटेच चार सभासद. त्यांची साखर आटोक्यात आली तर मंडळीची वाढच खुंटेल. वायरी घेऊन ये-जा करणारा साउंडवाला भैया दर रविवारी अर्धा डझन आत्मे मिळवून देतो. त्याचा धर्म कोणता, हे कुणी विचारत नाही आणि विचारूही नये. मध्य प्रदेशच्या 2021 च्या कायद्यात धर्म बदलण्याआधी 60 दिवस जिल्हा दंडाधिकाऱ्यांना कळवायची अट आहे (ती कोर्टात गेलीय, ते वेगळं). त्यामानाने शेजारच्या मंडळीतली माणसं उचलायला कुणालाच कळवावं लागत नाही. तिथं जुनी पेटी आहे, इथं गिटार आहे. तिथले चाळीस इथं आले की इथं ‘जागृती’ होते आणि तिथं ‘शेवटचा काळ’ सुरू होतो. शहरातले ख्रिस्ती होते तेवढेच.

हे वेड अमेरिकेतून आलं असं कुणी समजू नये. बी आपल्याच मुलखातलं, तिकडे जाऊन शास्त्र होऊन परतलेलं. 1930 च्या दशकात मध्य भारतातल्या मिशनांच्या कामाचा हिशेब मांडला गेला, तेव्हा 145 क्षेत्रांपैकी 134 ठिकाणी 1921 ते 1931 या दहा वर्षांत मंडळ्या जेमतेम 11 टक्के वाढलेल्या निघाल्या. शाळा होत्या, दवाखाने होते, तरी असं का, हा प्रश्न रास्त होता. त्यातला ‘का’ वाटेत कुठंतरी गळाला आणि ‘किती’ तेवढा महाराजपूरला पोचला.

बरं, या यंत्राला उलटं मोजायची कळच नाही! वर्षानुवर्षं तिसऱ्या बाकावर बसणारी एक म्हातारी मांडीचं हाड मोडून घरात पडलीय. ईस्टरनंतर ती आलेली नाही, हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ती आली नाही त्या रविवारी आकडा चढलेला होता. चढलेल्या आकड्यात म्हातारी कशी दिसणार? तिच्या घरी ना पाळक गेला, ना वडील, ना तो टिकटिक्या. वर्गणीची पावती मात्र गेली. मेंढपाळ मोजतो तो कोणतं मेंढरू हरवलं ते कळावं म्हणून. किती झाली एवढंच ज्याला हवं असतं, तो खाटीक. दावीद राजाने शिरगणती मांडली तेव्हा त्याचा सेनापती, यवाबसारखा यवाब, ज्याच्या हाताला रक्त लागलेलं, तोसुद्धा नको म्हणाला होता. पुढं मरी आली आणि 70,000 माणसं गेली. त्या अध्यायावर इथं कधी उपदेश झाल्याचं ऐकिवात नाही.

गेल्या महिन्यात प्रीतिभोजन झालं. पडद्यावर 312. स्वयंपाकाला लावलेल्या हलवायाने दोन रविवार मागं उभं राहून स्वतःच्या डोळ्यांनी अंदाज घेतला होता आणि 110 पानांचंच रांधलं. सगळे पोटभर जेवले, वर दोन पातेली पुलाव उरला. पास्टरसाहेबांनी लगेच माइक घेतला आणि पाच भाकरी व दोन माशांचा चमत्कार महाराजपुरात पुन्हा घडल्याचं जाहीर केलं. हलवाई मागं उभा राहून 202 पानांचे जादा पैसे मागावेत का, याचा विचार करत होता.