उल्सान रिटर्न

परदेशात वीस वर्षं काढून आलेला माणूस तिकडचं फारसं बोलत नाही. तीन आठवडे राहून आलेला मात्र जन्मभर बोलतो.

आमच्या सोसायटीतले बी विंगचे काका या दुसऱ्या वर्गातले. चाकणच्या एका कारखान्यात ते क्वालिटीचे साहेब होते. 2007 साली कंपनीने त्यांना प्रशिक्षणासाठी दक्षिण कोरियातल्या उल्सानला पाठवलं. उल्सान हे मोटारी आणि जहाजं बांधणारं शहर. तिथे काकांनी पाहिलं काय, तर कारखाना, हॉटेल आणि या दोहोंच्या मधली बस. पुढे बरीच वर्षं ते शांत होते. निवृत्तीनंतर सुनेने घरात कोरियन मालिका लावल्या आणि काकांच्या अंगात उल्सान संचारलं. लिफ्ट अडकली की, ‘‘उल्सानला असं होत नाही.’’ पाण्याचा टँकर उशिरा आला की, ‘‘उल्सानला...’’ पुढचं वाक्य वॉचमनलासुद्धा पाठ आहे.

आता हे प्रकरण स्वयंपाकघरात शिरलंय. रविवार आला की काका मांडू करतात. मांडू म्हणजे मैद्याच्या पातळ पारीत सारण भरून केलेला कोरियन प्रकार. उकडा, तळा किंवा सूपमध्ये सोडा, तिन्ही चालतं. आपण चुकून ‘मोमो’ म्हणालो तर काका चष्मा काढून आपल्याकडे बघतात. ‘‘मोमो वेगळं. याचा आधी अर्धचंद्र करायचा आणि मग दोन्ही टोकं मागे वळवून एकमेकांना चिकटवायची. हे बघ.’’ आपण बघतो. तेवढ्यात मधून फाटतं.

काकांची पद्धत कारखान्याची. पारीचा व्यास 9 सेंटिमीटर, सारण 15 ग्रॅम, दोन्हींत प्लस-मायनस किती चालेल तेही ठरलेलं. जाडी मोजायला घरात व्हर्नियर आहे. गोल कापायच्या वाटीला काका ‘गेज’ म्हणतात. फाटलेले मांडू वेगळ्या ताटात जातात, ते रिजेक्शन. त्यातले बरे दिसणारे कढईत तळले की रिवर्क. शेजारी म्हणून मला बोलावणं असतं ते या ताटासाठी, हे मला उशिरा कळलं. तक्रार नाही, तळलेले जास्त चांगले लागतात.

काकांचा खरा हट्ट अस्सलपणाचा. आणि इथेच गंमत आहे, कारण त्या मांडूत कोरियाचं काय उरलंय ते शोधावं लागतं. मूळ सारणात डुकराचं मांस, टोफू, मुगाचे लांब पांढरे मोड, रताळ्याच्या स्टार्चच्या पारदर्शक शेवया आणि चिरून घट्ट पिळलेली किमची. मांस घरात चालत नाही, म्हणून सोयाबीनचा चुरा. टोफू काकूंना रबरासारखा लागतो, म्हणून पनीर. रताळ्याच्या शेवया मिळाल्या नाहीत, तांदळाच्या आल्या. किमचीत खारवलेली कोळंबी किंवा माशाचा अर्क असतो, तो गेला. कोरियन मिरचीचा भरड चुरा महाग, म्हणून बेडगी. तीही लालभडक आणि फारशी तिखट नसते, तेव्हा हा बदल काकांनी ‘तांत्रिकदृष्ट्या मंजूर’ केला. एवढं सगळं झाल्यावर काकू सारणात चिमूटभर साखर घालायला गेल्या, तर काका ओरडले, ‘‘अगं, अस्सल चव बिघडेल!’’

चातुर्मासात मला वाटलं, आता रविवार सुटला. काकू चार महिने कांदा-लसूण खात नाहीत. पण काका तयारीत होते. कोरियातल्या बौद्ध मठांत कांद्याची पात, लसूण अशा पाच उग्र गोष्टी वर्ज्य असतात, मठांचा सगळा स्वयंपाक त्यांच्याशिवाय होतो. ‘‘म्हणजे तुझा चातुर्मास आणि माझं ऑथेंटिक, दोन्ही जुळलं!’’ काकूंनी कौतुकाने मान डोलावली आणि सवयीने हिंगाच्या डबीकडे हात नेला.

‘‘हिंग नको! त्या पाचांत हिंगपण आहे.’’

हे खरं आहे. बौद्ध ग्रंथांतल्या त्या यादीत हिंग आहे. काकूंचा हात थबकला. ‘‘हिंगसुद्धा नाही? मग त्यांनी संसार सोडला ते बरोबरच केलं,’’ असं म्हणून त्यांनी हिंग घातला. जरा जास्तच घातला.

काकू फार बोलत नाहीत, पण सुनेबरोबर मटार सोलता सोलता त्याही मालिका बघतात, हे काका विसरले होते. एकदा मैदा संपला होता. काकूंनी कोबीची पानं वाफवून त्यात सारण गुंडाळायला घेतलं. काका हादरले. हे कुठल्या कोरियात चालतं?

‘‘राजवाड्यात,’’ काकू म्हणाल्या. ‘डे जांग गम’ ही 2003 सालची मालिका, जोसन काळातल्या राजवाड्याच्या मुदपाकखान्याची. तिच्यात मांडू करायच्या परीक्षेत नायिकेचं पीठ हरवतं आणि ती कोबीच्या पानांत सारण भरते. काकांनी फोनवर शोधलं. बराच वेळ शोधलं. मग फक्त, ‘‘पानं नीट पुसून घे, पाणी राहिलं तर सुटतील,’’ एवढं म्हणाले. सल्ला योग्य होता. सारणही असंच पंचात बांधून पिळावं लागतं, नाहीतर पारी भिजून बुडाशी फाटते. काका सारण पिळतात तेव्हा त्यांच्या मानेच्या शिरा दिसतात. हे काम त्यांनीच करावं.

पारी मुडपायचं काम मात्र आता काकूंकडे गेलंय. मोदकाच्या पाऱ्या वळून तयार झालेली बोटं ती, त्यांना व्हर्नियर लागत नाही. काकांचा पसारा मांडून होतो, तेवढ्यात काकूंचे वीस मांडू मोदकपात्रात हळदीच्या पानावर जाऊन बसतात. रिजेक्शन जवळपास संपलंय, त्यामुळे माझं नुकसान झालंय ते वेगळं.

मागे एकदा मी विचारलं, ‘‘काका, उल्सानला मांडू कुठे खाल्लेत?’’ काका छताकडे बघू लागले. उत्तर काकूंनी दिलं. ‘‘यांनी? जाताना मी मेतकुटाची भली मोठी बरणी दिली होती. परत आली ती धुतल्यासारखी रिकामी. तीन आठवडे हॉटेलवर मेतकूट-भात खाल्लाय यांनी.’’

‘‘वास घेतला होता की मांडूचा!’’ काका म्हणाले. ‘‘बसमधून.’’

मांडू उत्तम होतात, हे मात्र प्रामाणिकपणे सांगतो. बी विंगमधून बोलावणं आलं तर जरूर जा. वाढले की लगेच तोंडात टाका, सोबत सोया सॉस, व्हिनेगर आणि बेडगीची बुडवणी असते. रेंगाळू नका. गार झाले की कडा चिवट होतात आणि काका उल्सानबद्दल बोलायला लागतात.